लाल लोकर, निळी लोकर: एका प्रदर्शनाच्या कोपऱ्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२६, रविवार

वाचनालयात बैठक झाली. १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन, त्यासाठी वरच्या हॉलचे तीन कोपरे वाटून दिले. पहिल्यात जुने व्हॉल्व्हचे सेट, दुसऱ्यात मुंबई केंद्राची छायाचित्रं. तिसरा माझ्या गळ्यात, आणि विषय मीच सुचवलेला: अमेरिकेतली नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी, म्हणजे एनबीसी. येत्या नोव्हेंबरात तिच्या पहिल्या प्रक्षेपणाला शंभर वर्षं होतील.

ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "काका, अमेरिकेचं इथे साताऱ्यात कोण बघायला येणार?" मी म्हटलं, टेलिफोन खात्यातल्या माणसाकडे हा विषय राहू द्या, मग बघू. एकतीस वर्षं केबलचे जॉइंट करण्यात गेली. लोकांना वाटतं रेडिओचं नेटवर्क हवेत असतं. हवेत असतं ते एका स्टेशनापुरतं. न्यूयॉर्कचं गाणं शिकागोच्या स्टेशनात पोचलं ते खांबावरच्या तारेतून, आणि ती तार टेलिफोन कंपनीची. माझ्या कोपऱ्यात एवढं एकच दाखवायचं आहे. नकाशा, त्यावर लोकरीच्या तारा. फोटो कमी.

६ जानेवारी, मंगळवार

आठ बाय चारचा प्लायवूड, त्यावर सॉफ्टबोर्ड. राजवाड्याजवळच्या दुकानातून एनबीसीच्या दोन साखळ्यांसाठी लाल आणि निळी लोकर, चार-चार गुंड्या. दुकानदारीणबाईंनी विचारलं, "नातवाचा स्वेटर?" म्हटलं, अमेरिकेचा.

भाच्याने नकाशाची बाह्यरेषा प्रोजेक्टरवरून उतरवून दिली. न्यूयॉर्क ते कॅन्सस सिटी तीन फुटांच्या आसपास येतं.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिला फलक लिहिला. एनबीसीच्या आधी काय होतं ते.

न्यूयॉर्कमधलं डब्ल्यूईएएफ हे स्टेशन एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९२२ साली सुरू केलं. त्यांची कल्पना ऐकून मला हसू आलं, कारण ती अगदी आमच्या खात्याच्या डोक्यातून निघाल्यासारखी आहे. त्यांना रेडिओ म्हणजे पीसीओ वाटला. बूथ आमचा, तुम्ही या, पैसे भरा, काय बोलायचं ते बोला. फरक इतकाच की पलीकडे एक माणूस नाही, अख्खं शहर. कार्यक्रम आपणच करून वाजवत बसायचं, हे त्यांच्या मनात नव्हतंच.

पहिलं गिऱ्हाईक २८ ऑगस्ट १९२२ ला आलं. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाची घरबांधणी कंपनी, ५० डॉलर भरून. जॅक्सन हाइट्समधल्या 'हॉथॉर्न कोर्ट' या इमारतीतले फ्लॅट विकायचे होते. भाषणाची सुरुवात मात्र नथॅनियल हॉथॉर्न या लेखकाच्या थोरवीने. मग हळूच, गर्दीचं शहर सोडा, मोकळ्या हवेत राहायला या. रेडिओवरची विकत घेतलेली पहिली जाहिरात म्हणून हीच सांगितली जाते. शंभर वर्षांनी आपल्याकडच्या टाउनशिपवाल्यांची भाषा यापेक्षा वेगळी नाही.

आणि तेच हे जॅक्सन हाइट्स, जिथे आज न्यूयॉर्कातली आपली मंडळी साड्या, मिठाई आणि सोनं घ्यायला जातात. फलकावर हे वाक्य टाकलं. ज्यांची मुलं तिकडे आहेत ते नक्की थांबतील.

११ जानेवारी, रविवार

आज ज्यासाठी हा विषय घेतला ते लिहिलं. दोनदा खोडलं, लांबत होतं.

एटी अँड टीच्या विरोधात दुसरा गट: आरसीए (रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका), जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस. यांची रेडिओ सेट बनवण्या-विकण्याची दुकानदारी. त्यांचं न्यूयॉर्क भागातलं स्टेशन डब्ल्यूजेझेड. एटी अँड टीने ४ जानेवारी १९२३ ला डब्ल्यूईएएफ आणि बोस्टनचं डब्ल्यूएनएसी टेलिफोनच्या तारेने जोडून एकच कार्यक्रम दोन्हीकडे वाजवला, तेव्हा या मंडळींनाही साखळी हवीशी झाली. पण तार कुणाची? टेलिफोन कंपनीची. ती प्रतिस्पर्ध्याला कशाला देईल! मग त्यांनी तारायंत्राच्या तारा भाड्याने घेतल्या.

इथे मी भाच्याला अर्धा तास बसवून समजावलं आणि तेच फलकावर उतरवलं. तारायंत्राची तार कट्ट-कडकट्टसाठी. प्रवाह आहे की नाही, एवढंच पलीकडे कळलं की काम झालं. एक तार पुरते, परतीचा प्रवाह जमिनीतून येतो. अशा तारेवर सनई सोडली तर पलीकडे गुणगुण, खरखर आणि शेजारच्या तारेतला कुणाचा तरी संदेश. टेलिफोनला दोन तारा लागतात, आणि ठराविक खांबांवर त्यांची जागा आलटून-पालटून घ्यावी लागते, म्हणजे बाहेरचा आवाज दोन्हींत सारखा शिरतो आणि एकमेकांना मारतो. आम्ही बोलण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्‌झ पुरे धरायचो. संगीताला तेवढ्यात गुदमरतं. रेडिओच्या साखळीसाठी ५००० पर्यंत न्यायच्या तर वाटेत ठिकठिकाणी रिपीटर, म्हणजे क्षीण झालेला आवाज पुन्हा मोठा करणारी यंत्रं, आणि लांबच्या अंतरात जे सूर जास्त झिजतात ते तेवढेच उचलून द्यायचे. हे सगळं करणारी माणसं, टेस्टिंगची टेबलं, खांबांची डागडुजी एकाच कंपनीकडे होती.

तारायंत्रावर चाललेली साखळी ऐकायला वाईटच होती. त्यांच्याकडे पैसा कमी नव्हता. तार चुकीची होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काम नाही.

१८ जानेवारी, रविवार

दुसरा फलक: सौदा. दोन्ही गट पेटंटांवरून आणि तारांवरून भांडून दमले. १९२६ च्या उन्हाळ्यात एटी अँड टीने डब्ल्यूईएएफ आरसीएला दहा लाख डॉलरला विकायचं ठरवलं. यंत्रं आणि सामानाची किंमत दोन लाखांच्या घरात. उरलेले पैसे नावाचे आणि गिऱ्हाइकांचे, आपण दुकानाची पगडी म्हणतो तसे. नव्या कंपनीत, म्हणजे एनबीसीत, आरसीएचे ५० टक्के, जनरल इलेक्ट्रिकचे ३०, वेस्टिंगहाउसचे २०. पहिले अध्यक्ष मर्लिन एल्सवर्थ, हे आधी वीज कंपन्यांच्या संघटनेचे कारभारी होते.

एटी अँड टी मात्र फार हुशार. दुकान विकलं, रस्ता स्वतःकडे ठेवला. करार असा की नवं नेटवर्क चालेल ते टेलिफोनच्याच तारांवर, भाडं भरून. त्या भाड्यात ना गायकाची मनधरणी, ना श्रोत्यांच्या तक्रारी. खात्यात असताना आमचे एक साहेब म्हणायचे, "बोलणारा कंटाळतो, लाइनचं मीटर कंटाळत नाही." ते आठवलं.

सप्टेंबर १९२६ मध्ये आरसीएने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन कंपनी जाहीर केली. तिच्यात आकडे स्वच्छ दिलेत: ५० लाख घरांत सेट पोचले आहेत, २ कोटी १० लाख घरं अजून बाकी आहेत. कार्यक्रम चांगले आणि पुरेसे असतील तर सेट खपतील, हा हिशेबही त्यातच. म्हणजे जाहिरातीच्या धंद्यासाठी नेटवर्क काढलं असं आपण आज समजतो, पण काढणाऱ्याला सेट विकायचे होते. जाहिरातीचं पीक पुढे इतकं आलं की मूळ पेरणी कसली होती तेच लोक विसरले.

आपल्याकडे जुलै १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली आणि १९३० मध्ये बुडाली. ते दुसऱ्या कोपऱ्यात येणारच आहे. मी फक्त बाण काढलाय.

२० जानेवारी, मंगळवार

मोठी चूक. रविवारी रात्री उत्साहाने लाल-निळी दोन्ही लोकर ताणून बसवली, फेव्हिकॉलने, थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत. वर पाटी: '१५ नोव्हेंबर १९२६'. सकाळी चहा घेताना बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या रात्री निळं जाळं नव्हतंच. आणि तार कॅन्सस सिटीच्या पलीकडे गेलेली नव्हती.

दिवसभर सुरीने लोकर खरवडली. सॉफ्टबोर्डाचे पापुद्रे निघाले, रॉकी पर्वतात आता भोकं आहेत. यापुढे गोंद नाही. टाचणीला गाठ.

दुपारी पहिल्या रात्रीचा फलक. न्यूयॉर्कचं जुनं वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेल, पाचवा अ‍ॅव्हेन्यू आणि ३४ वा रस्ता. (पुढे ते पाडून त्याच जागी एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली.) बॉलरूममध्ये निमंत्रित, वॉल्टर डॅमरॉशच्या हाताखाली न्यूयॉर्क सिंफनी, ऑपेराचे गायक, विनोदी जोड्या, नाचाचे बँड. चार तासांहून जास्त. पण माझं लक्ष हॉटेलात नाही. मेरी गार्डन गायली ती शिकागोतून. विल रॉजर्स बोलला तो कॅन्सस राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावातून, आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची नक्कल करून त्याने लोकांना हसवलं. त्यांचा आवाज आधी तारेने न्यूयॉर्कला आला, तिथून पुन्हा तारेने वीसहून अधिक स्टेशनांना गेला. म्हणजे शिकागोच्या श्रोत्याने शिकागोत गाणाऱ्या बाईचा आवाज न्यूयॉर्कला जाऊन आलेला ऐकला. हे लोकरीने दाखवता येतं: जाणारी तार लाल, येणारी तार पांढरी. पांढरी लोकर आणायला हवी.

२३ जानेवारी, शुक्रवार

निळी लोकर आता बरोबर तारखेला: १ जानेवारी १९२७. आरसीएकडे न्यूयॉर्कात दोन स्टेशनं झाली, तेव्हा साखळ्याही दोन. डब्ल्यूईएएफची लाल, डब्ल्यूजेझेडची निळी. नावं कुठून आली? इंजिनिअर लोक नकाशावर रंगीत पेन्सिलींनी रेघा मारायचे, त्यावरून, असं सांगतात. माझा नकाशा म्हणजे त्यांचाच धंदा.

लालवर जाहिरातदारांची गर्दी, निळीवर कंपनी स्वखर्चाने चालवी ते कार्यक्रम जास्त. घरात थोरला कमावता आणि धाकटा शिकणारा, तसं.

त्याच १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलचा फुटबॉल सामना निवेदक ग्रॅहम मॅक्नामीने देशभर ऐकवला. अलाबामा आणि स्टॅनफर्ड, ७-७ बरोबरी. पण तो खास एका दिवसाचा खटाटोप. पश्चिम किनाऱ्याला कायमची तार १९२८ च्या अखेरीस गेली. तोवर तिथे 'नारिंगी' जाळं होतं: न्यूयॉर्कचे कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोत दुसरे कलाकार घेऊन पुन्हा करायचे. नाटक कंपनीने दौऱ्यावर दुसरा संच पाठवावा तसं. नारिंगी लोकर मिळाली नाही, भगवी मिळाली. चालेल.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आलो. शेजारचे पेटीमास्तर घरी आले होते, त्यांना एनबीसीची खूण ऐकवली. तीन स्वर, टॉं-टिं-टां. त्यांनी पेटी उघडून एका दमात सांगितलं: "पांढरी एक धरा. मंद्र पंचम, मध्य गंधार, षड्ज." प़ ग सा. शंभर वर्षांच्या अमेरिकन खुणेला आपल्या स्वरांत नाव मिळालं, मला फार आनंद झाला. इंग्रजी स्वरलिपीत हेच जी-ई-सी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचीही हीच अक्षरं, आणि ती तीस टक्क्यांची मालक, त्यामुळे लोकांनी काय ते जोडलंच.

आधी ही खूण सात स्वरांची होती. निवेदक हाताने छोट्या घंटापट्ट्यांवर वाजवायचे आणि हमखास चुकायचे. म्हणून कमी करत तीनावर आणली, १९२९ च्या सुमारास. काम काय? श्रोत्यांना गोड वाटावं हे नंतरचं. कार्यक्रम संपला, आता स्थानिक स्टेशनाने आपलं नाव सांगावं, आणि टेलिफोन कंपनीच्या माणसांनी तारांची जोडणी बदलावी, असा इशारा. देशभर टेबलापाशी कान लावून बसलेले लाइनवाले प़-ग-सा ऐकले की प्लग काढून दुसरीकडे घालायचे. आमच्यातलेच लोक ते! पुढे रिचर्ड रेंजर यांनी यंत्र केलं, खेळण्यातल्या वाद्यपेटीसारखं, म्हणजे ठोका चुकण्याचा प्रश्न मिटला. मोठी बातमी असली की तीनऐवजी चार ठोके, म्हणजे बातमी विभागातल्यांनी असाल तिथून ऑफिस गाठायचं. १९५० साली ही खूण सेवाचिन्ह म्हणून नोंदली गेली. नुसत्या आवाजाची अमेरिकेतली पहिली नोंदणी.

ठरलं: नकाशाशेजारी तीन नळ्या टांगायच्या, पोरांनी वाजवायच्या.

२८ जानेवारी, बुधवार

इलेक्ट्रिकच्या कामातली चार फुटी लोखंडी नळी. नळीचा सूर लांबीच्या वर्गाच्या उलट जातो. षड्ज ४० सेंटीमीटर धरला तर पंचम ४६.२ आणि गंधार ३५.६. बेरीज १२१.८, आणि चार फूट म्हणजे १२१.९. वाटलं देवानेच मापून दिली. करवतीच्या पात्यालाही जाडी असते, हे एकतीस वर्षं हत्यारं वापरून विसरलो.

गंधार कापताना हात सरकला आणि शेवट तिरका गेला. घासून सरळ करेपर्यंत नळी ३४.६ वर आली. वाजवली, मास्तर म्हणाले, "हा मध्यम आहे हो." एका सेंटीमीटरने गंधाराचा मध्यम. नळी लांब करता येत नाही. दुसरी आणली, ३६ ला कापली आणि कानसने घासत घासत वर आणली, मास्तर खुर्चीवर डोळे मिटून, "अजून... अजून... बास."

टांगण्याची भोकं टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, तिथे नळी हलत नाही. पंचमाला १०.३ सेंटीमीटर. टोकाला दोरी बांधली की ठण्ण आणि संपलं. इथे बांधली की सूर रेंगाळतो.

१ फेब्रुवारी, रविवार

भाच्याने पुढे आरसीएचे प्रमुख झालेल्या डेव्हिड सार्नॉफ यांचा फलक करून आणला. गोष्ट भारी: टायटॅनिक बुडाली तेव्हा हा पोरगा एकटा ७२ तास बिनतारी यंत्रापाशी बसून जगाला बातमी देत होता. मी फलक परत पाठवला. सार्नॉफ स्वतः ही गोष्ट सांगायचे हे खरं, पण ऐकणारे तेच एकटे नव्हते. बोट धडकली ती रविवारची रात्र, आणि त्यांचं यंत्र वॉनामेकर या दुकानात. रविवारी रात्री दुकान कशाला उघडं असेल? पुढच्या दिवसांत वाचलेल्यांची नावं त्यांनी उतरवून घेतली, तेवढं पुरेसं मोठं काम आहे. भाचा रुसला. "मामा, लोकांना हेच आवडतं." मिन्स्कजवळच्या खेड्यातून १९०० साली न्यूयॉर्कला आलेला मुलगा, १९०६ मध्ये मार्कोनी कंपनीत नोकरीला लागला आणि आरसीएच्या शिखरावर गेला. यात काय कमी आहे?

४ फेब्रुवारी, बुधवार

'एमॉस अँड अँडी' ही विनोदी मालिका ठेवायची की नाही यावर दोन दिवस घालवले. १९ ऑगस्ट १९२९ पासून निळ्या जाळ्यावर, पेप्सोडेंट टूथपेस्टच्या पैशाने. वेळ झाली की सिनेमागृहं चित्रपट थांबवून रेडिओ लावायची, इतकं वेड. नेटवर्कची ताकद लोकांना कळली ती यातून. पण दोन गोरे नट, फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल, कृष्णवर्णीयांची बोली वेडीवाकडी करून हसवत होते. १९३१ मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, तरी कार्यक्रम चालूच राहिला.

मॅडमचं म्हणणं, शाळेची मुलं येणार, काढून टाका. मी ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर, सारख्याच अक्षरात. एका स्टेशनावरची टिंगल त्या गावापुरती राहिली असती, ही तारेने देशभर गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

एनबीसीच्या प्रतिस्पर्धी नेटवर्कला, सीबीएसला, एक छोटी चौकट. १८ सप्टेंबर १९२७ ला १६ स्टेशनांवर सुरू, वर्षभरात डबघाईला. मग फिलाडेल्फियाच्या सिगारवाल्याचा मुलगा विल्यम पेली सत्तावीस पुरी व्हायच्या आत मालक झाला. त्याला वेगळं प्रदर्शन लागेल.

शेवटचा फलक: निळी तार कशी सुटली. एका कंपनीकडे दोन जाळी, हे सरकारला खुपलं. मे १९४१ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नियम काढले, एनबीसी कोर्टात गेली आणि १० मे १९४३ ला सर्वोच्च न्यायालयात हरली. निळं जाळं ८० लाख डॉलरला एडवर्ड नोबल यांनी घेतलं. यांची मिळकत लाइफ सेव्हर्स गोळ्यांतून. मध्ये भोक असलेली गोळी, आपल्या पोलोसारखी. १९४५ मध्ये त्याचंच नाव एबीसी झालं.

निळी लोकर आता सुटी बांधली आहे, टाचणीवरून उचलता येईल अशी. शेजारी एबीसीची रिकामी पाटी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दीडेकशे माणसं आली. फलक थोड्यांनीच वाचले. नळ्या सगळ्यांनी वाजवल्या, बहुतेकांनी उलट्या: सा ग प. दुपारी पंचमाची दोरी तुटली.

आमच्या खात्यातले निवृत्त लाइनमन आले, पंच्याहत्तरीचे. तारायंत्राच्या फलकापाशी बराच वेळ उभे. मग म्हणाले, "रेडिओवाल्यांचं सर्किट लागलं की आम्ही त्या पेअरला हात लावायचा नाही, अशी ताकीद असायची. क्रिकेटच्या दिवसांत तर खांबाकडे बघायचंसुद्धा नाही." हे मी फलकावर टाकायला हवं होतं.

एका काकूंनी विचारलं, मग आपल्या रेडिओवर जाहिराती कधी आल्या? हे पाठ होतं: १ नोव्हेंबर १९६७, विविध भारती, सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांपासून. म्हणाल्या, "बिनाका आमच्याकडे त्याच्याही आधी लागायचं." सिलोनवरून, म्हटलं. बरोबर.

१५ फेब्रुवारी, रविवार

आवराआवर. निळी लोकर दोन शाळकरी मुलींनी प्रदर्शनातच उचलून एबीसीच्या पाटीखाली पुन्हा बांधली होती, फक्त शिकागो विसरल्या. लाल गुंडाळून ठेवली. बोर्ड वाचनालयालाच दिला, रॉकी पर्वतातली भोकं धरून. नळ्या मास्तरांनी मागून नेल्या; मध्यमवाली चौथीही घेऊन गेले.

खर्च २,३४० रुपये. पावत्या मॅडमकडे.